उपाशी उंदीर आणि पाचव्या महिन्यातली सून

*ताई, माझं माहेर शिरपूरकडचं, सासर अमळनेर तालुक्यात. वय चोवीस, पाचवा महिना चालू आहे. वजन ४४ किलो, रक्त ९.२ भरलं. सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, निवृत्त शिक्षक आहेत, वय ६३. दीड वर्षापासून ते एकच वेळ जेवतात. त्यांनी वाचलंय की उंदरांना अर्धपोटी ठेवलं तर ते जास्त जगतात, आणि उपाशी राहिलेल्या किड्यांची पणतवंडंसुद्धा जास्त जगली. सासूबाई म्हणतात, पोट हलकं ठेव, बाळ लहान राहिलं की बाळंतपण सोपं जातं, आम्ही तिन्ही वेळा तसंच केलं. दोघं वाईट नाहीत, माझ्यावर त्यांचा जीव आहे. संध्याकाळी एक भाकर खाऊन मी उठते. रात्री भूक लागली की पाणी पिऊन झोपते. आतापर्यंत मनावर घेतलं नव्हतं, पण परवा मळ्यात चक्कर येऊन खाली बसले. नाना म्हणतात ते खरं आहे का? मी कमी खाल्लं तर बाळाचं आयुष्य वाढेल का?*
*— एक वाचक*

पोरी, उत्तर लांबणार आहे, म्हणून कामाचं आधी सांगते. आज संध्याकाळपासून पोटभर जेव. रात्री भूक लागली तर उठून खा. आणि उद्या-परवाच दवाखान्यात जाऊन चक्कर आल्याचं डॉक्टरांच्या कानावर घाल. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. ९.२ आणि त्यात चक्कर, हे पुढच्या तारखेपर्यंत ठेवायचं नाही.

आता नानांचं. त्यांनी वाचलंय ते खोटं नाही, हे मी आधीच कबूल करते. मी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि हे उंदरांचे प्रयोग दरवर्षी फळ्यावर लिहिले. १९३५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मकाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या उंदरांचं खाणं तोडलं. उंदीर लहानखुरे राहिले, पण हवं तेवढं खाणाऱ्यांपेक्षा, विशेषतः नर, पुष्कळ जास्त जगले. त्यानंतर यीस्ट, माश्या, कोळी, मासे, उंदीर, माकडं अशा कितीतरी जिवांवर हे करून पाहिलं गेलं. म्हणून नानांना "काहीतरी वाचत बसता" असं कुणी म्हणू नये. त्यांनी पुस्तकाचं एक पान बरोबर वाचलं. मागचं आणि पुढचं पान त्यांच्या हाती आलं नाही, एवढंच.

मागच्या पानावर असं आहे की मकाय यांनी उंदरांचं पोषण तोडलं नव्हतं. उष्मांक तोडले होते. जीवनसत्त्वं, क्षार, प्रथिनं हिशेबाने पुरवली होती. आपल्याकडे "कमी खाणं" म्हणजे काय असतं? भाकर एक, तिखट जास्त, वरण पातळ, दूध घरातल्या पुरुषांना आणि भाजी उरली तर. ती अर्धपोटी राहण्याची रीत प्रयोगशाळेतल्या उंदरांनी कधी पाहिली नाही. या दोन गोष्टींना एकच नाव पडलं आणि तिथून घोटाळा सुरू झाला.

दुसरं असं की उंदरांच्या बाबतीतसुद्धा किती खाल्लं यापेक्षा कधी खाल्लं याने मोठा फरक पडतो. २०२२ मध्ये अमेरिकेत जोसेफ ताकाहाशी यांच्या गटाने उंदरांचं खाणं ३० टक्क्यांनी कमी केलं. तेच खाणं दिवस-रात्र थोडं थोडं वाटून दिलं तेव्हा आयुष्य १० टक्के वाढलं. तेवढंच खाणं फक्त रात्री दिलं, म्हणजे उंदीर जेव्हा जागे आणि हिंडते असतात तेव्हा, तर ३५ टक्के वाढलं. घास तेवढेच, वेळ बदलली. हा "कधी" शब्द लक्षात ठेव, मला पुढे तोच लागणार आहे.

माकडांचं नानांना सांग. अमेरिकेत दोन ठिकाणी वर्षानुवर्षं माकडं पाळून हे तपासलं. विस्कॉन्सिनच्या गटाने २००९ मध्ये सांगितलं की कमी खाणारी माकडं वयाच्या आजारांनी कमी मेली. सरकारी राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने २०१२ मध्ये सांगितलं की आमची माकडं काही जास्त जगली नाहीत. पुढे दोघांनी एकत्र बसून हिशेब जुळवला, तेव्हा कळलं की विस्कॉन्सिनच्या माकडांच्या खाण्यात साखर भरपूर होती आणि पोटभर खाणाऱ्यांना खरोखर हवं तेवढं मिळत होतं, तर दुसरीकडे "पोटभर" गटालाही मापूनच मिळत होतं. म्हणजे फायद्याचा एक भाग उपाशी राहण्यात नव्हता, अति खाणं टाळण्यात होता. मला हे फार मोलाचं वाटतं. ढेरी सुटलेल्या माणसाला कमी खाऊन लाभ होतो. ४४ किलोच्या बाईला तोडायला आहे काय?

या सगळ्या प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. ज्या जिवांचं खाणं तोडलं त्यांच्या पोटात पिल्लू नव्हतं. अन्न तुटलं की शरीर हिशेब बदलतं. वाढणं थांबवतं, पिल्लं देणं थांबवतं आणि हाती आहे ते स्वतःच्या डागडुजीवर खर्च करतं. जुनी, बिघडलेली प्रथिनं मोडून पुन्हा वापरणं, पेशींची दुरुस्ती करणं ही कामं वाढतात. अर्धपोटी ठेवलेल्या उंदराच्या मादीचं माजावर येणं अनियमित होतं किंवा बंदच पडतं. पुन्हा पोटभर खाऊ घातलं तर ती जास्त वयापर्यंत पिल्लं देऊ शकते. जणू तिचं शरीर म्हणतं, साल वाईट आहे, पेरणी पुढे ढकला. वाढलेलं आयुष्य हे त्या पुढे ढकललेल्या पेरणीचं आहे. तुझी पेरणी झालेली आहे, पोरी. पाच महिने झाले.

आता त्या किड्यांचं, कारण नानांचा खरा भर तिथे दिसतो. तो किडा म्हणजे एक मिलिमीटर लांबीचा गोल कृमी, आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं. २०१४ मध्ये ओडेड रेखावी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अंड्यातून निघाल्या निघाल्या उपाशी ठेवलेल्या कृमींच्या शरीरात आरएनएचे, म्हणजे जनुकांच्या कामात भाग घेणाऱ्या रेणूचे, बारीक तुकडे तयार होतात, ते पुढच्या तीन पिढ्यांपर्यंत पोचतात, आणि त्यांची पणतवंडं जास्त जगली. हा प्रयोग वाचला तेव्हा मी दोन दिवस त्याच विचारात होते. भुकेची आठवण रक्तात उतरते हे आपल्या आज्या म्हणत होत्या, आणि इथे एका कृमीत ती आठवण पकडून दाखवली होती.

पण उपाशी कोण होतं ते बघ. नुकतीच जन्मलेली अळी. ती भुकेत वाढ थांबवून निजल्यासारखी पडून राहते आणि अन्न आलं की पुन्हा वाढू लागते. तशी सोय निसर्गाने तिला दिली आहे. अंड्यावर असलेली आई उपाशी ठेवली असा तो प्रयोग नव्हता. शिवाय अशाच दुसऱ्या प्रयोगांत फार काळ उपाशी राहिलेल्या अळ्या नंतर सावकाश वाढल्या आणि त्यांना पिल्लंही कमी झाली. पणतूचं आयुष्य वाढलं, पण त्याची किंमत मधल्या कुणीतरी चुकवली.

नाना कदाचित म्हणतील की आईला कमी खाऊ घालूनही लेकी जास्त जगल्याचे दाखले आहेत. आहेत. पाण्यात राहणारा रोटिफर नावाचा सूक्ष्म जीव आहे, त्यात तसं दिसलं. डाफ्निया नावाचा पाणपिसू आहे, त्याची आई अन्न कमी असलं की अंडी कमी देते पण एकेक अंडं मोठं देते. दहाचा वाटा पाचांत. म्हणून पिल्लू धडधाकट निघतं. बाईच्या पोटात एकच बाळ. संख्या कमी करायला जागाच नाही. तिथे तुटवडा पडला की बाळाचा वाटा आईच्या हाडांतून, रक्तातून आणि मांसातून निघतो. तुझं ९.२ हे त्या वाट्याचंच मोजमाप आहे.

आपल्यासारख्या दूध पाजणाऱ्या प्राण्यांत काय झालं ते मात्र लक्ष देऊन वाच, आणि जमलं तर हे नानांना मोठ्याने वाचून दाखव. २००४ मध्ये केंब्रिजच्या सुझन ओझान आणि निक हेल्स यांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही माद्यांना गाभण असताना प्रथिनं कमी असलेलं खाणं दिलं. पिल्लं लहान जन्मली. जन्मल्यावर ती चांगलं खाणाऱ्या आयांच्या अंगावर पाजली. त्यांनी भराभर अंग धरलं, आणि ती लवकर मेली. दुसऱ्या पिल्लांना पोटात असताना सगळं मिळालं होतं, दूध पिण्याच्या काळात मात्र ती सावकाश वाढली. ती जास्त जगली. त्याच तुटवड्याने एका वेळी आयुष्य लांबवलं आणि दुसऱ्या वेळी तोडलं. (यावरून कुणी बाळाला दूध कमी पाजायचं काढू नये. माणसाच्या बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध, आणि पोटभर.)

आपल्या देशातल्या प्रयोगाने तर माझी झोप उडवली होती. आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अशा उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला ज्यांना एक-दोन नव्हे, ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांची पिल्लं वजनाने लहान, पण पोटात चरबी, रक्तात इन्शुलिन चढलेलं, बी-१२ आणि फोलेट कमी. मग पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर चांगलं खाऊ घातलं. तरी शरीर पूर्वपदावर आलं नाही. भूक कोठारातून निघून गेली तरी अंगातून गेली नव्हती. पन्नास पिढ्या! आपल्याकडे त्या पिढ्या मोजायला प्रयोगशाळा लागत नाही, खानदेशातल्या कुठल्याही घरात आजीला आणि तिच्या आजीला दुष्काळ विचारावा.

माणसांवर असा प्रयोग कुणी करत नाही, पण युद्धाने केला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडच्या पश्चिम भागात जर्मन सैन्याने अन्न अडवलं. शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्या खाली गेला. त्या महिन्यांत पोटात असलेली मुलं पुढे म्हातारी होईपर्यंत अभ्यासली गेली. त्यांच्यात साखरेचा विकार जास्त दिसला, आणि ज्यांच्या आया गरोदरपणाच्या सुरुवातीला उपाशी होत्या त्यांच्यात हृदयाचे आजार जास्त. २००८ मध्ये असं दिसलं की साठ वर्षांनंतरही त्यांच्या वाढीच्या एका जनुकावरची रासायनिक खूण त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा वेगळी होती. जनुक तेच, त्यावरची खूण बदललेली. ती भुकेच्या काळात, पोटात असतानाच पडली होती.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. बायका तुझ्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या, बारीक अंगाच्या. बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास. हातापायांवर मांस कमी, पण चरबी मात्र इंग्लंडच्या गुटगुटीत बाळांच्या मानाने राखलेली. दिसायला किडमिडीत, आतून चरबीदार. मधुमेहाची वाट तिथूनच सुरू होते असं त्यांचं सांगणं. त्याच अभ्यासात असंही दिसलं की ज्या आया पालेभाजी, फळं आणि दूध वरचेवर खात होत्या त्यांची बाळं अंगाने चांगली होती. नुसत्या भाकरीच्या चवडीने ते झालं नाही, सोबतच्या भाजीने झालं.

आता माई, म्हणजे तुझ्या सासूबाई. त्यांच्याबद्दल राग धरू नकोस. "पोट हलकं ठेव" हे सांगणाऱ्या बायका दुष्ट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. दवाखाना बैलगाडीच्या अंतरावर, पावसाळ्यात नाला भरला की तेही नाही. बाळ अडलं तर आई जायची. तेव्हा बाळ लहान राहावं म्हणून स्वतःच्या तोंडचा घास कमी करणं एवढाच उपाय त्यांच्या हातात होता. माझ्या आईनेही तेच केलं. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, पोटात माझा भाऊ. सुकडी मिळायची ती आम्हा पोरांना द्यायची आणि म्हणायची, मला जड वाटतं. मी अकरा वर्षांची होते, मला ते खरं वाटायचं.

माईंची भीती खरी होती, उपाय चुकला होता. कमी खाल्ल्याने बाळंतपण सोपं होईल याचा भरवसा नाही. आईच्या अंगात रक्त नसलं तर बाळंतपणात थोडा रक्तस्रावसुद्धा तिला झेपत नाही, आणि कळा देण्याचं बळ राहत नाही. बाळ मोठं आहे का, अडेल का, हे आता सोनोग्राफीत आणि तपासणीत दिसतं. अडलंच तर शस्त्रक्रियेची सोय तालुक्याला-जिल्ह्याला आहे. माईंना हे शांतपणे सांग, आणि प्रसूती दवाखान्यातच होईल, गाडी आधी ठरवून ठेवू, असंही सांग. त्यांची भीती गेली तर सल्लाही आपोआप जाईल असं मला वाटतं.

नानांशी मात्र शेताच्या भाषेत बोल. तुमच्या गोठ्यात गाय असेल. ती गाभण असली की शेवटच्या दोन महिन्यांत नाना तिला सरकीची ढेप वाढवून देतात की नाही? दूध आटवून तिला विसावा देतात की नाही? वासरू जोमदार व्हावं, गाय व्यायल्यावर दुधाला भरावी म्हणून. तिला कुणी म्हणतं का, बाई, चारा कमी खा, वासराचं आयुष्य वाढेल? आणि केळी निसवायला लागली की बागेचं पाणी तोडतात का? तेव्हाच तर पाणी आणि खत मोजून देतात. पिलबाग धरायची असली तर पील आईच्याच कंदावर पोसतं, हे खानदेशात लहान पोरालाही ठाऊक आहे. कपाशीला सुरुवातीला पाण्याचा थोडा ताण चालतो, बोंड भरताना चालत नाही. नानांना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुझ्या बाबतीत त्यांनी ते लावून पाहिलं नाही, एवढीच चूक.

खायचं काय? रोजच्या जेवणावर साधारण ३५० उष्मांक जास्तीचे लागतात. म्हणजे दोघांचं जेवण नव्हे, एक भाकर, वाटीभर घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे वाढले की झालं. पण तू सध्या नेहमीचंही खात नाहीस, तेव्हा आधी ते भरून काढ. कळण्याची भाकरी कर, ज्वारीत उडीद असल्याने तिच्यात प्रथिनं चांगली. पातळ वरणाऐवजी घट्ट. मेथी, अंबाडी, शेपू, जे मळ्यात असेल ते दिवसातून एकदा तरी. तीळ-गुळाचा लाडू. सकाळ-संध्याकाळ दूध किंवा दही, आणि घरात चालत असेल तर अंडं, कारण बी-१२ भाजी-भाकरीतून मिळत नाही. ते तपासायचं का हेही डॉक्टरांना विचार. लोहाची गोळी रोज, पण चहासोबत नको आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको, दोन्हींत अंतर ठेव. गोळी घेताना लिंबू पिळलेलं पाणी चालेल. अंगणवाडीतून मिळणारा शिधा तुझ्या नावाचा आहे, तो घरच्या डब्यात मिसळू देऊ नकोस. श्रावणी सोमवार, एकादशी या वर्षी राहू दे. गरोदर बाईला उपवास माफ असतो, हे माईही मान्य करतील. पूर्ण दिवसांपर्यंत साधारण दहा-बारा किलो वजन वाढायला हवं. तू बारीक आहेस, तेव्हा तुझं नेमकं किती ते डॉक्टर सांगतील. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नकोस.

नानांच्या स्वतःच्या एकवेळ जेवणाबद्दल तू विचारलं नाहीस, पण मला राहवत नाही. उतारवयात सुरू केलेल्या अर्धपोटाचा लाभ उंदरांतही फार थोडा दिसतो. माणसांवरचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत दोन वर्षं चालला. त्यातली माणसं २१ ते ५० वयाची होती, लठ्ठ नव्हती, आणि डॉक्टरांच्या नजरेखाली होती. खाणं २५ टक्के तोडायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात जेमतेम १२ टक्के जमलं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल सुधारलं, पण हाडांची घनता थोडी घटली. त्रेसष्टाव्या वर्षी हाडं आणि मांस गमावून चालत नाही. पडून मोडलेला खुबा सगळा हिशेब उलटा करतो. त्यांना साखरेची गोळी असेल तर एकवेळ जेवण डॉक्टरांना न विचारता अजिबात नको, साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो. रात्रीचं हलकं जेवण आणि दिवसाचं पोटभर, एवढं ते खुशाल करोत.

हे पत्र घरात ठेव. ९ तारखेला दवाखान्यात जाशील तेव्हा नानांनाच सोबत चल म्हण. तपासणीच्या कागदावर रक्ताचा आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर भरला जाऊ दे. शिक्षक माणूस, मुलाच्या प्रगतिपुस्तकात नापासाचा शेरा दिसला की तो घरी बसत नाही.

आणि आज रात्री जाग आली तर माठाकडे जाऊ नकोस. संध्याकाळीच दुधाचा पेला झाकून ठेव, शेजारी दोन लाडू. माईंना सांग, ताईंनी लिहिलंय म्हणून ठेवलंय.